मधल्या पायरीची मालकी

मी, खाली सही करणारी, वय भरपूर, धंदा लाकडाला पॉलिश करणे, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, माझ्या मागे कोणी कोणाची डोकी फोडू नयेत म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची हकीकत त्या त्या कलमात येईल.

बुद्धीचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण आमच्या गल्लीत दुसरे डॉक्टर नाहीत आणि मला दूर चालवत नाही. बुद्धी शाबूत आहे असे त्यांनी आनंदाने लिहून दिले. दातांबद्दल लिहायला मात्र तयार झाले नाहीत.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात सर्व स्थावर-जंगम मिळकत मांजरीला दिली होती. मांजर माझ्या आधी गेली.

कलम एक. घराचे वर्णन.

घर दोन मजली. तळमजला माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, वाट्याला आला आणि त्यांच्या पश्चात माझा झाला. वरचा मजला माझ्या दिराच्या वाट्याला आला आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा झाला. तिला या कागदात धाकटी म्हटले आहे. तिचेही केस आता पांढरे आहेत, पण थोरली जिवंत असेपर्यंत धाकटीला धाकटीच राहावे लागते. तिला मूलबाळ नाही. माझ्याशी भांडण हाच तिचा संसार, असे ती स्वतःच म्हणते.

माझ्या मिळकतीच्या पूर्वेला दातांचा दवाखाना, पश्चिमेला छापखाना, उत्तरेला रस्ता आणि दक्षिणेला आमचा सुतारकामाचा कारखाना. वकील म्हणतात सीमा चारच लिहायच्या असतात. माझ्या घराला पाचवी सीमा आहे, ती डोक्यावर. तिथे धाकटी राहते आणि सकाळी उठल्याबरोबर खुर्च्या ओढते.

कलम दोन. मुलीबद्दल.

मागच्या दोन खोल्या, बँकेतली ठेव आणि आरशासारखे चकचकीत कपाट माझ्या मुलीला द्यावे. त्या कपाटाला मी लाख आणि स्पिरिटचा बोळा इतके दिवस फिरवला आहे की अजून त्याच्या दारात बघून कुंकू लावता येईल. कपाटावर कोणी ओले फडके फिरवल्यास कपाट परत घेण्यात यावे. घ्यायला मी नसेन, पण माझा धाक राहील एवढी व्यवस्था मी मुलीच्या लहानपणीच करून ठेवली आहे. जावईबापूंनी एकदा माझ्या टेबलावर उकळत्या चहाचा कप बशीशिवाय ठेवला होता. टेबलावरचा पांढरा गोल मी घासून काढला. मनावरचा अजून तसाच आहे. जावईबापूंना बशांचा पूर्ण संच द्यावा.

कलम तीन. मुलाबद्दल.

पुढची मोठी खोली, आणि या कागदात कोणाच्या नावे न लिहिलेले जे काही उरेल ते, माझ्या मुलाला द्यावे. तिथे आज त्याचे फर्निचरचे दुकान आहे. फर्निचर म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात कालवून दाबायचा आणि त्यावर लाकडाच्या फोटोचा कागद चिकटवायचा. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या लाकूड कापून भुसा केला, त्या घरात माझा मुलगा भुशाचे लाकूड करून विकतो. असो. पोर वाईट नाही. माझी औषधे आणतो, विजेचे बिल भरतो आणि मी काही बोलले तर ऐकून घेतो. मानतो असे नाही, पण ऐकून घेतो.

त्याला दिलेल्या खोलीत जिना येत नाही, हे इथे ठळक अक्षरात लिहावे. कारण सांगते. धाकटीच्या मजल्यावर जायला एकच जिना आहे, तो याच खोलीतून निघतो. मध्यंतरी मी दुपारची झोपून उठले तर चिरंजीव टेप घेऊन जिन्यापाशी उभे.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही गं आई. सहज."

"सहज म्हणून जिना मोजतात होय?"

"अगं, पुढेमागे हा काढला ना, तर सोफासेट सरळ भिंतीला लागेल. उजेडही येईल दुकानात."

"आणि तुझी काकू? तिनं काय खिडकीतून उडायचं?"

"बाहेरून लोखंडी जिना लावून देऊ की. गोल. हल्ली सगळीकडे तेच लावतात."

"तिच्या गुडघ्यांना गोल जिना?"

"मग वरचा मजला मी विकत घेतो ना! चांगला भाव देतो. काकूंनी तळमजल्यावरची एखादी खोली बघावी कुठंतरी. जिना तर आपलाच आहे. तूच नाही का कोर्टात सांगत आलीस?"

उभ्या आयुष्यात मला निरुत्तर करणारा तो पहिलाच, आणि तेही माझेच वाक्य वापरून. गोल लोखंडी जिन्याबद्दल मी मुलाला एवढेच सांगते की माणूस म्हातारा झाला की एक दिवस त्याला आडवे उतरवावे लागते, आणि गोल जिन्यावरून आडवा माणूस उतरत नाही. धंद्यातल्या माणसाने एवढा विचार करायला हवा होता.

कलम चार. हत्यारे.

सासऱ्यांना दोन्ही मुलगे सारखे. हत्यारांची वाटणी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी रद्दीवाल्याचा काटा मागवला आणि वाटणी वजनावर केली. एका पारड्यात हातोडे पडले, दुसऱ्यात खिळ्यांचे डबे. काटा सरळ झाला आणि सासरे म्हणाले, "झालं समसमान. आता कुरकुर नको." अशा रीतीने सगळे हातोडे दिराकडे गेले आणि सगळे खिळे आमच्याकडे आले. करवती आमच्या, त्यांना धार लावायच्या कानशी त्यांच्या. त्या दिवसापासून एका भावाला दुसऱ्याचे दार वाजवल्याशिवाय साधे स्टूल ठोकता येईना. सासरे भोळे होते की महाबिलंदर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझ्या वाट्याची हत्यारे आणि कारखाना तिरक्या मिस्त्रीला द्यावा. हा आमच्याकडचा शेवटचा कारागीर. फळी सरळ आहे का हे एक डोळा मिटून बघता बघता त्याची मान कायमची एका बाजूला गेली, म्हणून तिरका. माणूस सरळ आहे. खिळेही त्यालाच द्यावेत. फक्त छोट्या डब्यातला पितळी खिळा देऊ नये. त्याचे पुढे येईल.

कलम पाच. जिना.

आता मुद्द्यावर येते. आमचा कारखाना जिन्यांसाठी प्रसिद्ध होता आणि आमचा एक रिवाज होता. जिना बसवताना मधली पायरी नुसती ठेवायची, ठोकायची नाही. सगळे काम झाले की घराच्या मालकाला बोलवायचे, त्याच्या हाती हातोडा द्यायचा आणि ती पायरी त्याच्याकडून ठोकून घ्यायची. खिळा बसला की जिना मालकाचा. मग तो कुरकुरला तर मालकाने ऐकावा, सुताराला बोलवू नये.

सासऱ्यांनी घराचे वाटणीपत्र केले त्याच सुमारास आमचा जुना जिना वाळवीने पोखरला म्हणून काढून टाकला होता. वाटणीपत्र लिहायला जो लेखनिक आला त्याला वर शिडीने चढवले. त्याने डोळ्यांना दिसले ते लिहिले. तळमजला थोरल्याला, वरचा मजला धाकट्याला, अंगण समाईक. जिन्याचा शब्दही नाही, कारण जिनाच नव्हता. ज्यांनी गावभर जिने बांधले त्यांच्या घराच्या वाटणीत जिना राहून गेला, आणि कागद वाचून तिघाही सुतारांनी माना डोलावल्या.

पुढे दोघा भावांनी मिळून नवा जिना केला. त्यासारखे काम त्यांच्या हातून पुन्हा झाले नाही. कठड्याला पॉलिश माझे. हात ठेवला की आपोआप वर जावेसे वाटते. सासऱ्यांनी मधल्या पायरीसाठी पितळी खिळा करून घेतला होता, पण तो ठोकायच्या आधीच ते गेले. मग जिना पूर्ण झाला त्या दिवशी दोघे भाऊ मधल्या पायरीच्या खाली आणि वर उभे राहिले, आणि प्रश्न आला की मालक कोण. हे म्हणाले, जिना माझ्या जमिनीवर उभा आहे. दीर म्हणाले, जिना माझ्या मजल्यावर पोचतो. खिळा यांच्या खिशात, हातोडा दिरांच्या हातात. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला आपली वस्तू दिली नाही. तेव्हापासून ती पायरी नुसती ठेवलेली आहे आणि आम्ही सगळे ती ओलांडून जातो.

खटला लागला. दोघे भाऊ गेले, खटला राहिला. इतर बायकांना नवऱ्याच्या मागे पेन्शन मिळते, आम्हा दोघींना खटला मिळाला. माझ्या वकिलांनाही तो त्यांच्या वडिलांकडून आला आहे, त्यामुळे ते त्याची निगा वडिलोपार्जित शेतीसारखी राखतात.

तारखेच्या दिवशी मी आणि धाकटी एकाच गाडीने कोर्टात जातो. भाडे निम्मे निम्मे. डबा माझा, चहाचा थर्मास तिचा. बाहेरच्या बाकावर शेजारी बसतो आणि पुकारा झाला की आत जाऊन समोरासमोर उभ्या राहतो. एकदा न्यायाधीशांनी वैतागून विचारले, "बाई, तुमचं नेमकं म्हणणं काय?"

मी म्हणाले, "साहेब, जिना माझा आहे. पण ती वापरते त्याला माझी हरकत नाही."

धाकटी ताडकन उठली. "साहेब, जिना माझा आहे. ह्यांनी खुशाल वापरावा. पण ह्या वर येतच नाहीत!"

"गुडघे दुखतात माझे," मी म्हणाले.

"मग मी उतरते ना रोज!" धाकटी म्हणाली.

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

मग कोर्टाने जागेची पाहणी करायला एक अधिकारी पाठवला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आम्हाला बजावले होते की त्यांच्याशी एक अक्षर बोलायचे नाही, बोललात तर केस बिघडेल. मी खाली तोंड मिटून उभी, धाकटी वर तोंड मिटून उभी, आणि ते गृहस्थ हातातला नकाशा वाचत वाचत सरळ मधल्या पायरीवर. पायरी एकीकडे, नकाशा एकीकडे, अधिकारी माझ्या मुलाच्या सोफ्यावर. सोफा मोडला, भुशाचा होता. मी त्यांच्या पायाला मलम लावले, धाकटीने चहा दिला. अहवालात त्यांनी लिहिले की वादातील मिळकतीचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव आला आणि दोन्ही पक्षकार जिन्याहून बरे आहेत.

ती पायरी ओलांडायची सवय धाकटीच्या पायाला इतकी लागली आहे की ती उतरताना पावले वाजतात आणि मध्येच एक ठोका गळतो. रोज संध्याकाळी तो गळलेला ठोका ऐकला की मी चहाचे आधण ठेवते. उरलेल्या पायऱ्या उतरून, माझ्या पॉलिशला नावे ठेवून ती खुर्चीत टेकेपर्यंत पाणी उकळलेले असते. तिने लोखंडी गोल जिन्याने उतरावे, किंवा कुठल्यातरी परक्या खोलीत संध्याकाळी एकटीने चहा प्यावा, हे मला चालणार नाही. ते माझ्याने बघवणार नाही, आणि बघायला मी नसेन म्हणून तर आणखीच चालणार नाही.

म्हणून हा जिना, पायऱ्या, कठडा आणि पितळी खिळ्यासह, मी धाकटीला देते.

वरील कलमाबद्दल खुलासा.

कलम पाच लिहून झाले आणि मी ते धाकटीला मोठ्याने वाचून दाखवले. माझी अपेक्षा होती की तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने चहाचा कप खाली ठेवला. बशीत ठेवला, ते तिला कळते.

"म्हणजे माझाच जिना मला बक्षीस?"

"अगं, देतेय मी तुला!"

"घेतला तर तो तुमचा होता असं कबूल केल्यासारखं होईल. तुमच्या दिरांना वर गेल्यावर काय तोंड दाखवू? मला नको."

"नको काय नको! तुला रस्त्यावर काढतील ना!"

"काढू देत. पण हरून घेणार नाही. आणि जाऊबाई, एक सांगते. मीही वकिलाकडं जाते आणि माझा जिना माझ्या मृत्युपत्रात तुम्हाला देऊन टाकते. बघू मग कोण आधी जातंय ते!"

मी वकिलांना विचारले की अशा वेळी काय होते. त्यांनी चष्मा पुसत सांगितले की जी आधी जाईल तिचे देणे लागू होईल, म्हणजे जिना तिचाच होता असे धरले जाईल. याचा अर्थ असा की जिंकायचे तर आधी मरावे लागणार आणि हरायचे तर मागे राहावे लागणार, एकटीने. हे ऐकल्यापासून धाकटी रक्तदाबाच्या गोळ्या टाळू लागली. मी तिच्यासमोर बसून त्या तिला गिळायला लावते. मी आधी जाणार, थोरली मी आहे.

धाकटीचा आणखी एक डाव नमूद करते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे वाया जाते, असे तिने कुठूनसे ऐकले. दुसऱ्या दिवशी ती केस विंचरून, स्वतःचे पेन घेऊन खाली आली.

"कुठं सही करू? साक्षीदार म्हणून मीच येणार."

आजवर माणसे मृत्युपत्रात शिरण्यासाठी खटपट करताना पाहिली. बाहेर पडण्यासाठी धडपडणारी ही पहिलीच.

वकिलांना मी सरळ विचारले, "तिनं नाकारला तर जिना कोणाकडं जातो?"

"उरलेल्या मिळकतीत मिसळतो. आणि उरलेलं सगळं तुम्ही चिरंजीवांना दिलंय."

"आणि जिना माझा नव्हताच, असं लिहिलं तर?"

वकिलांच्या हातातले पेन पडले. "नव्हताच? बाई, आपण उभी हयात कोर्टात सांगतोय की तुमचाच आहे!"

"पण लिहिलं तर मुलाला मागता येईल का?"

"जे तुमचं नाही ते तुमच्या मुलाला कसं मिळणार? दावा मागं घ्यायचा आणि तसं लिहून द्यायचं, की संपलं. पण..." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आपण हरलो?"

"तुम्ही नाही हरलात. मी सोडला."

"बाबांना काय सांगू मी?"

"ते गेले ना?"

"फोटोला सांगावं लागेल," वकील म्हणाले आणि खाली वाकून पेन शोधू लागले. मला त्यांची दया आली. माझी हातांची खुर्ची, जिच्यावर बसून त्यांचे वडील आमच्या खटल्याचे कागद वाचायचे, ती वकिलांना द्यावी.

कलम पाच त्यामुळे रद्द. खोडू नये, नुसती आडवी रेघ मारावी, म्हणजे मी द्यायला निघाले होते हे वाचता येईल.

कलम सहा. जाहीर कबुली.

मी असे जाहीर करते की घरातला जिना वरच्या मजल्याचा आहे, म्हणून तो धाकटीचा आहे, आणि तो माझा किंवा माझ्या नवऱ्याचा कधीही नव्हता. जिना ज्या जमिनीवर उभा आहे तेवढ्यावरचा हक्कही मी सोडते, नाहीतर मुलगा म्हणेल की जिना काकूचा पण पाय ठेवायची जागा माझी. याबाबत मी चालवलेला दावा मागे घेत आहे. माझ्या वारसांपैकी कोणीही या जिन्यावर हक्क सांगू नये, तो मोजू नये आणि त्याच्यासमोर सोफा ठेवू नये. हे वाक्य लिहिताना यांची आठवण आली. ते असते तर म्हणाले असते, सगळं आयुष्य ज्यासाठी भांडलो ते एका ओळीत घालवलंस. मग मला असे वाटले की तेही संध्याकाळी जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसायचे. दीर उतरताना ठोका गळला की हे हळूच दोन विड्या काढायचे, आणि कोर्टात मात्र एकमेकांकडे बघायचे नाहीत. त्यांनाही जिना नको होता. भाऊ रोज खाली यायला हवा होता.

हे कलम मी मुलाला तोंडावर वाचून दाखवले.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दाखला आहे."

"दातांच्या डॉक्टरचा!"

"मग दात ठिकाणावर आहेत का ते विचार. चावून दाखवते."

तो खुर्ची जिन्यापासून थोडी अलीकडे ओढून बसला आणि म्हणाला की सोफा दुसऱ्या भिंतीला लागतो का ते बघतो. पोर वाईट नाही, हे मी आधीच लिहिले आहे.

मला वाटले होते की जिंकल्यावर धाकटी पेढे वाटेल. तसे झाले नाही. ऐकून ती माझ्यावरच उखडली.

"खटला संपवलात? मला न विचारता?"

"माझा दावा, मी मागं घेतला."

"अहो, पुढची तारीख लागलीय! मी नव्या चपला घेतल्यात तारखेसाठी! आता आपण दोघींनी जायचं कुठं?"

मी हेही वकिलांना विचारले. ते म्हणाले, खटला नसलेल्या माणसाला कोर्टाबाहेरच्या बाकावर बसायला मनाई असल्याचे त्यांच्या वाचनात नाही. म्हणून असे ठरले आहे की पूर्वीप्रमाणेच गाडी करावी, डबा माझा, थर्मास तिचा, आणि दुसऱ्यांचे खटले ऐकून परत यावे. माझ्या मागे हा खर्च माझ्या ठेवीतून मुलीने करावा आणि धाकटीच्या शेजारी स्वतः बसावे.

कलम सात. खिळा.

जिना धाकटीचा ठरल्यावर रिवाजाप्रमाणे मधली पायरी तिच्या हातून ठोकून घेणे भाग होते. हे माझ्या मागे करावे असे मी लिहिणार होते, पण धाकटी म्हणाली, "तुमच्या मागं खिळा कोण धरणार?" तेही खरे. तिने वरून हातोडा आणला, मी डब्यातून पितळी खिळा काढला. तिरका मिस्त्री मान आणखी तिरकी करून पायरी सरळ बसली का ते बघत होता. मुलाने मला दोन्ही दंडांना धरून मधल्या पायरीपर्यंत चढवले. वकील आणि दातांचे डॉक्टर खाली उभे राहिले, कारण वर येण्याइतका त्यांचा जिन्यावर विश्वास नव्हता.

मी खिळा धरला. धाकटीने हातोडा उगारला.

"जाऊबाई, हात काढा हं वेळेवर."

"तू मार गं. आयुष्यभर कधी नेम लागलाय तुझा?"

पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. दुसरा खिळ्यावर. दोन्हींच्या मध्ये मी जे बोलले ते कायदेशीर कागदात लिहिण्याजोगे नाही. धाकटी हातोडा टाकून पायरीवर बसली आणि माझा अंगठा दोन्ही हातांत धरून रडायला लागली. मी म्हणाले, वेडे, हसतेस काय. ती म्हणाली, हसत नाहीये. मग खरेच हसायला लागली. मीही.

सबब या कागदावरची माझी सही वाकडी आली आहे. ती पाहून मी शुद्धीवर नव्हते, किंवा कोणी बळजबरीने घेतली, असा अर्थ कोणत्याही वारसाने काढू नये. उजव्या हाताचा अंगठा सुजला आहे, कारण वर दिलेले आहे. पूर्ण शुद्धीवर, एका हाताने कळ आवरत, सही करते.

स्थळ : मधली पायरी, जी आता हलत नाही.

तारीख : वकिलांनी शिक्का मारला आहे ती.

सही : (वाकडी) थोरली.

साक्षीदार पहिला : शेजारचे डॉक्टर. "लिहून देणाऱ्या बाई सही करताना पूर्ण शुद्धीवर होत्या आणि अंगठा बघायला मला बोलावू नये, मी दातांचा आहे, असे नमूद करतो."

साक्षीदार दुसरी : धाकटी. "मजकूर वाचला. मला यात काही दिलेले नाही, म्हणून साक्षीदार म्हणून सही करते. जिना माझा आहे, हे मान्य. जिन्याची मालकीण या नात्याने जाऊबाईंना कळवते की मधली पायरी पक्की झाली असली तरी मी ती ओलांडूनच उतरणार. चहाचं आधण तेव्हाच ठेवावं."